जप्तीस अपात्र वस्तू

आपल्या हातचे अन्न खाणाऱ्याने आपल्यावरच गुरगुरावे हा निव्वळ कृतघ्नपणा होय, असा जो ग्रह मनुष्याने पाळीव प्राण्यांविषयी करून घेतलेला आहे, तो जितका पुरातन तितकाच दृढ असल्यामुळे, कालपर्यंत सर्वांच्या पायांत लोळणारे पिल्लू एके दिवशी ताटलीवर मान रोखून दात विचकू लागले की घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात : एक शिक्षेची मागणी करणारा, आणि दुसरा त्या मुक्या जीवाची बाजू घेणारा. सातारच्या एका घराच्या ओसरीवर या दोन पक्षांत झालेला वाद पुढे मांडला आहे. त्यातील वादी अण्णामामा हे दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, आणि उभी हयात जप्त्या, ताबे व बेलिफांचे अहवाल यांत घालवलेले गृहस्थ. प्रतिवादीचे वकीलपत्र घेतलेली वसुधा ही त्यांची भाची, व्यवसायाने पशुवैद्य. वादाचा विषय मोत्या : जातीने गावठी, वयाने दहा महिन्यांचा, आणि पाच आठवड्यांचा असताना शेतावरून उचलून आणलेला.

अण्णामामा : वसुधा, तू त्याला तपासायला आली आहेस खरी, पण आधी माझी फिर्याद ऐक आणि मग त्याची कैफियत घे. ज्या घराच्या भाकरीवर तो वाढला, ज्या घराने त्याला पावसाळ्यात ओसरी आणि थंडीत गोणपाट दिले, त्या घरच्या कर्त्या पुरुषाने ताटली मागे ओढली म्हणून त्याने मनगटाला दात लावावेत, ही उघड बंडखोरी आहे. आमच्या वडिलांच्या काळी असल्या बंडाचा निकाल वेताच्या छडीने तिथल्या तिथे लागत असे. तोंडातले हाड काढून घ्यायचे, गुरगुरला तर टाळक्यात द्यायची, आणि पुन्हा काढून घ्यायचे. म्हणजे धनी कोण, हे त्याला आयुष्यभर समजे.

वसुधा : कैफियत नंतर, मामा. आधी मनगट दाखवा. ओरखडा केवढा का असेना, तो धुतला होतात ना?

अण्णामामा : साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटे धरला होता, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लसही सुरू केली. मोत्याला रेबीजची लस वेळेवर टोचलेली आहे हे ठाऊक असूनही डॉक्टरांनी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायला सांगितले आहे, तीही ठेवतो आहे. त्या बाबतीत मला हयगय चालत नाही.

वसुधा : मग आता इतिहास सांगा. ताटली मागे ओढण्याचा हा पहिलाच प्रसंग होता का?

अण्णामामा : छे! चौथ्या महिन्यापासून मी हा परिपाठच ठेवला होता. तो अर्धा जेवला की ताटली उचलायची, क्षणभर धरायची आणि परत द्यायची. हेतू हा की, अन्न देणारा तोच अन्न घेणारा, हे त्याच्या मनावर ठसावे. प्रारंभी तो निमूट उभा राही. पुढे पुढे मात्र मला येताना पाहिले की घास न चावताच भराभर गिळू लागला. मग मी जवळ गेलो की खाणे थांबवून, मान खाली तशीच ठेवून, दगडासारखा स्तब्ध उभा राहू लागला. नंतर गुरगुर, आणि परवा हा प्रकार.

वसुधा : मामा, तुमची ही साक्षच त्याच्या बाजूची आहे. भराभर गिळणे, अंग ताठणे, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे दाखवीत पाहणे, ओठ वर चढवणे, गुरगुरणे, हवेत दात वाजवणे आणि शेवटी चावणे, या पायऱ्या तो एकेक करून चढला, आणि प्रत्येक पायरीवर थांबून त्याने तुम्हांला कळवले. सहा महिन्यांच्या तुमच्या परिपाठाने त्याला एवढेच शिकवले की, हा मनुष्य ताटलीकडे आला की अन्न जाते. तुमची शिकवण फुकट गेली नाही. ती त्याने तंतोतंत ग्रहण केली. बरे, मला एक सांगा : जप्तीचा हुकूम घेऊन ऋणकोच्या घरी गेल्यावर तेथील कोणत्या वस्तूंना तुम्ही हात लावीत नव्हता?

अण्णामामा : तो तर आमच्या खात्यातला ओनामा झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम! अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण, ऋणको कितीही बुडीत असला तरी या वस्तू जप्तीस अपात्र. आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी पाऊल टाकायचे नाही, हे बासष्टावे.

वसुधा : आणि मोत्या गुरगुरतो तो कशाकशावर?

अण्णामामा : ताटलीवर. आणि परवाच घरातला लहानगा चिन्मय त्याच्या गोणपाटावरून चालत गेला, तेव्हा निजल्या जागेवरून त्याच्यावर. समजलो तुझा रोख! भांडे आणि अंथरूण. पण भाचीबाई, कायद्याने ही सवलत दिली म्हणून बेलिफाचे मनगट चावण्याची मुभा ऋणकोला दिलेली नाही. सरकारी कामात अडथळा आणणाऱ्यांवर मी स्वतः अहवाल पाठवलेले आहेत.

वसुधा : मुभा नाहीच. परंतु बेकायदा जप्ती नेली म्हणून ऋणकोने हरकत घेतली, तर ती ऐकून घेण्याची सोय तुमच्या न्यायालयात होती. मोत्याची हरकत ऐकणारे कोणी नव्हते, कारण हरकत घेणे हाच तुमच्या लेखी गुन्हा. मामा, गुरगुर ही नोटीस आहे. जो प्राणी चावण्यापूर्वी नोटीस बजावतो, तो चावणे टाळू पाहत असतो. त्या नोटिशीबद्दल छडी मारली तर भय जसेच्या तसे राहते आणि नोटीस तेवढी बंद पडते. मग लोक येऊन सांगतात की, कुत्रे काहीही न कळवता चावले. महाभारताच्या आरंभीच सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिल्लाने हविष्याकडे पाहिलेदेखील नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. तेव्हा ती माता त्या सत्रात येऊन, अपराध नसता मारल्याबद्दल तुझ्यावर न दिसणारे भय येईल, असा शाप देऊन गेली. मुक्या केलेल्या कुत्र्याचा चावा हे असेच, येताना न दिसणारे भय होय.

अण्णामामा : पुराणातली वांगी पुराणात! शास्त्राची भाषा मीही वाचलेली आहे. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो इतरांना दाबून ठेवतो आणि पहिला घास त्याचा असतो. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. तेव्हा घरात म्होरकेपण मनुष्याने घेतले नाही, तर कुत्रा ते बळकावतो.

वसुधा : या सिद्धांताची हकीकत मोठी बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये ही मांडणी केली, आणि डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या १९७० च्या ग्रंथामुळे तिचा सर्वत्र प्रसार झाला. पण पुढे मेक यांनी मोकळ्या रानातले कळप वर्षानुवर्षे पाहिले, आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तेथे झुंज देऊन मिळवलेली गादी नसते. एकमेकांना अनोळखी अशा प्राण्यांना एका आवारात कोंडून जे दिसले, ते त्या कोंडवाड्याचे लक्षण होते. शिवाय कुत्रा मनुष्याच्या वस्तीत हजारो वर्षे राहिलेला. त्याचे शील केवळ लांडग्यावरून ठरवणे हा दुसरा अन्याय.

अण्णामामा : सिद्धांत जाऊ दे, अनुभव काय सांगतो? छडीने ताळ्यावर आलेली कुत्री मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

वसुधा : तीही असतात, विशेषतः जी मुळातच भित्री. पण उलटलेल्या कुत्र्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात कुत्र्यांच्या वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची विचारपूस करून तेथील संशोधकांनी २००९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी शेकडा ४३ जणांवर कुत्रा उलटला होता. आणि ज्यांनी तोंडातली वस्तू बळाने काढली, त्यांच्यापैकी शेकडा ३९ जणांवर.

अण्णामामा : रुग्णालयात नेलेली कुत्री म्हणजे आधीच बिघडलेली. सालस कुत्र्यांना हा हिशेब लागू कसा करतेस?

वसुधा : सालस कुत्र्यांना करीत नाही. पण मोत्या आता सालसांच्या यादीत नाही, ही तुमचीच फिर्याद आहे. तेव्हा त्याला हाच हिशेब लागू. आणि त्याची पूर्वपीठिकाही ध्यानात घ्या. पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात सुईसारखे अणकुचीदार असतात, आणि भावंडांशी खेळताना चावा जोराचा बसला की समोरचे पिल्लू केकाटून खेळ टाकून देते. आपल्या जबड्याचा जोर किती आवरावा, हे शिक्षण तेथे मिळते. म्हणून विक्रीच्या पिल्लांसाठी केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांची किमान मर्यादा घातलेली आहे. मोत्या तुम्ही पाचव्या आठवड्यात आणलात. त्याची शाळा अर्ध्यात सुटली; आणि शिल्लक राहिली ती एकाच परातीत सहा तोंडे खुपसून जेवण्याची आठवण, जिथे जो थांबला तो उपाशी राहिला.

अण्णामामा : तिसऱ्या महिन्यात तो आमच्या घोट्यांना चावत असे, त्याला मग काय म्हणायचे?

वसुधा : तो खेळ. त्यात अंग सैल असते, शेपूट हलते, आणि आपण उठून निघून गेलो, खेळ थांबवला, हाती चघळायला दुसरे काही दिले की तो हळूहळू सुटतो. सातव्या महिन्याच्या सुमारास पक्के ४२ दात येऊन हिरड्यांची ठसठस संपली की बहुधा उरतही नाही. ताटलीवरचा प्रकार निराळा : तेथे अंग ताठ, श्वास रोखलेला, नजर स्थिर. पहिल्यात शिस्त कमी पडते, दुसऱ्यात विश्वास. म्हणून उपायही निरनिराळे. आणि उपायापूर्वी मी त्याचे कान, दात, सांधे आणि पोट तपासणार आहे. कान पिकलेला, अंगावर गोचिड्या, पोटात जंत आणि वर भूक, अशा अवस्थेतल्या प्राण्याकडून सौजन्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

अण्णामामा : समजा, सर्व ठाकठीक निघाले. मग उपाय काय? नामदेवराय तुपाची वाटी घेऊन भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, तसा मीही धावू?

वसुधा : तुम्ही थट्टेने बोललात, पण नेमके तेच करायचे आहे, फक्त धावायचे नाही. मोत्या जेवत असता, जितक्या अंतरावर त्याचे अंग सैल राहते तितक्या अंतरावरून सहज चालत जायचे, ताटलीपाशी उकडलेल्या कोंबडीचा किंवा अंड्याचा तुकडा टाकायचा, आणि न थांबता निघून जायचे. तुमची चाहूल लागताच त्याने आशेने मान वर करावी, असे होऊ लागले की एक पाऊल जवळ. ताठरला, तर आपण घाई केली असे समजून दोन पावले मागे. कित्येक दिवसांनी तुकडा ताटलीतच टाकता येईल, मग ताटलीला बोट लावून, मग ती उचलून, तीत अधिक चांगले काही घालून परत ठेवता येईल. हा क्रम घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतंत्रपणे, पहिल्यापासून करायचा. कारण मामांवरचा विश्वास मामींच्या खात्यावर आपोआप वर्ग होत नाही.

अण्णामामा : उभ्या नोकरीत मी ज्या गोष्टीला स्पर्श केला नाही, ती तू मला म्हातारपणी द्यायला सांगतेस. ही उघड लाच आहे!

वसुधा : तुकडा आधी दाखवून मग जवळ गेलात तर ती लाच, आणि कुत्रा तेवढा हातच पाहायला शिकेल. येथे क्रम उलटा आहे : आधी मनुष्य येतो, मग घास येतो. घंटेमागून अन्न येत राहिले की नुसत्या घंटेने लाळ सुटते, हे पावलॉवच्या कुत्र्यांनी जगाला दाखवले. त्याच न्यायाने तुमच्या पावलांचा आवाज त्याला सुवार्ता वाटला पाहिजे. आज तो त्याला जप्तीचा पुकारा वाटतो.

अण्णामामा : आणि तोंडात चप्पल किंवा पायमोजा धरून पलंगाखाली बसला तर? तेथे गुरगुर ऐकत राहायचे?

वसुधा : पाठलाग करायचा नाही आणि जबडा उघडायचा नाही, पाठलाग केला की मोज्याला दागिन्याची किंमत येते. निरुपद्रवी वस्तू असेल तर दुर्लक्ष करावे. धोक्याची असेल तर दूरवर चांगला खाऊ टाकून तो उठून गेल्यावर ती उचलावी. एरवी, शांत वेळी, 'सोड' हा शब्द शिकवायचा. त्याला फारशी प्रिय नसलेली वस्तू द्यावी, 'सोड' म्हणून नाकाशी अधिक चांगली वस्तू धरावी, त्याने सोडली की ती द्यावी, आणि पहिली वस्तूही परत करावी. सोडलेले परत मिळते, ही खात्री हाच या अदलाबदलीचा प्राण आहे. पलंगावर चढून बसला, तर गळपट्टा धरून ओढू नये; खाली खाऊ टाकून उतरवावे, आणि उतरल्याबद्दल शाबासकी द्यावी. निजलेल्याला तर हात लावूच नये. लांबून हाक मारून जागे करावे.

अण्णामामा : सूर्यास्तानंतर जप्ती नाही! ठीक. आता माझा मुख्य मुद्दा ऐक, ज्यापुढे तुझे तुकडे आणि तुझा पावलॉव निष्प्रभ होतो. हा क्रम पुरा व्हायला महिने लागतील, आणि चिन्मय सहा वर्षांचा आहे. तो धावेल, पडेल, मोत्याच्या गळ्यात हात घालील. त्याचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर येते. उद्या शेजारचे पोर फाटकातून आत आले आणि याने त्याला तोडले, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली जाब मी द्यायचा. प्राण्याच्या बाबतीत पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायाधीशापुढे मी काय सांगू, आमच्याकडे विश्वाससंपादन चालू होते?

वसुधा : या मुद्द्यावर माझा तुमच्याशी काडीइतकाही मतभेद नाही. उलट, जे लोक माझ्यासारखे बोलतात आणि हा बंदोबस्त विसरतात, त्यांच्यामुळेच ही पद्धत बदनाम होते. तेव्हा आजपासून मोत्याचे जेवण मागच्या खोलीत, दार लावून. जेवण झाल्यावर तो बाहेर आला की मगच ताटली उचलायची. हाडे, चघळण्याच्या वस्तू अंगणात पडू द्यायच्या नाहीत. चिन्मय आणि मोत्या यांना मोठ्या माणसावाचून क्षणभरही एकत्र सोडायचे नाही, आणि वरच्या पाठांत मुलाला मुळीच घ्यायचे नाही. त्याला शिकवायचे ते निराळेच : जेवणाऱ्या, निजलेल्या आणि तोंडात काही धरलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, त्याने पाहिले तर झाडासारखे उभे राहायचे. फाटकाला कडी, आणि पाहुण्यांच्या गर्दीत मुसके, पण ते बैलाच्या मुसक्यासारखे तोंड आवळणारे नको, धाप टाकता येईल आणि पाणी पिता येईल असे जाळीचे, आणि तेही आधी खाऊ देत देत सवयीचे केलेले.

अण्णामामा : आणि एवढे करूनही सुधारला नाही तर?

वसुधा : चावे खोल जाऊ लागले, पूर्वसूचना कमी होऊ लागली, ताटली सोडून घरातल्या माणसावरच तो हक्क सांगू लागला, किंवा मुलाकडे पाहून ताठरू लागला, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली. मग वर्तनाचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे न्यायचे. प्रसंगी मूल नसलेल्या घरी त्याची व्यवस्था करायची. त्यात मला कमीपणा वाटणार नाही. खच्ची केल्याने हे आपोआप थांबेल, असेही मी तुम्हांला सांगणार नाही. त्याची कारणे दुसरी आहेत आणि लाभही दुसरे आहेत. पण मोत्याने रक्त काढले नाही, इतक्या पायऱ्यांनी कळवले, वय कोवळे आहे, आणि भांडण दोनच वस्तूंचे आहे : हा प्राणी वाट चुकलेला आहे, वाया गेलेला नाही.

अण्णामामा : तर मग माझा अंतरिम हुकूम लिहून घे. छडी दफ्तरदाखल. ताटलीची जप्ती आजपासून रद्द. मागच्या खोलीचे दार, फाटकाची कडी आणि चिन्मयवरची नजर यांत एका दिवसाचीही कसूर झाली, तर तुझा पक्षकार शेतावर परत. आणि कोंबडीचा खर्च प्रतिवादीच्या वकिलाकडून वसूल.

येथे वाद तहकूब झाला. त्यात कोण जिंकले, याचा निवाडा द्यायचा झाल्यास, साध्याबाबत अण्णामामा बरोबर आहेत आणि साधनाबाबत वसुधा. मुलाची सुरक्षितता ही अशी बाब आहे की तिच्यापुढे कुत्र्याविषयीची कोणतीही माया दुय्यम ठरावी. परंतु ती सुरक्षितता छडीने मिळत नाही, कारण छडीने गुरगुर थांबते, भय थांबत नाही, आणि निःशब्द भयाइतके मुलाला धोकादायक दुसरे काही घरात असू शकत नाही. ज्यांच्या घरी असे पिल्लू आहे त्यांनी त्याच्या जेवणाला दार द्यावे, निजेला कोपरा द्यावा, त्याच्या गुरगुरीचा दिवस व कारण लिहून ठेवावे, आणि त्याच्या लशीची तारीख चुकवू नये. दात लागलाच, तर तो घरच्या कुत्र्याचा आहे म्हणून हळद लावून स्वस्थ बसू नये, साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे मनुष्यात एकदा उमटली की त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. लक्षणांपूर्वी मात्र धुणे, लस आणि आवश्यक तेथे प्रतिपिंडांचे इंजेक्शन यांनी तो मृत्यू टाळता येतो.